पोथी उघडून पाहावी

पाठांतराचा अभिमान हा आमच्या पिढीच्या संस्कृत शिक्षकांचा कुलधर्मच म्हणावा लागेल. जो विषय मुलांनी पाठ करावा असा आपण आग्रह धरतो, त्याचे पुस्तक हाती घेऊन वर्गात जाणे आम्हांस नेहमीच कमीपणाचे वाटत आले. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन आम्ही मॅट्रिक झालो, पुढे शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून कौमुदीचा काही भाग केला, आणि चौतीस वर्षे एका तालुक्याच्या गावी मुलांस शब्द व धातू चालविण्यास शिकविले. एवढ्या काळात व्याकरणाचे पुस्तक आम्ही वर्गात उघडल्याचे कोणाही विद्यार्थ्यास आठवणार नाही. सेवानिवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने याच गोष्टीचा गौरवाने उल्लेख केला, तेव्हा आमचा ऊर भरून आला होता हे कबूल केले पाहिजे. तो अभिमान साठी उलटल्यावर उतरावा, आणि तोही एका यंत्राच्या निमित्ताने, असा योग होता. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे असे वाटल्यावरून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे थोरले बंधू कृष्णाकाठी शेती करतात. ऊस म्हटला की पाणी आले, पाणी म्हटले की पंप आला, आणि पंप म्हटला की वीज कधी येते याची वाट पाहणे आले. शेतीची वीज पाळीने मिळावयाची. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली म्हणजे कंदिलाऐवजी आता विजेरी हाती असते एवढाच फरक. बाकी चिखल तोच, विंचूकाटा तोच, आणि ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडण्याचा प्रसंगही तोच. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी रात्री दादांस विजेचा जबर धक्का बसला. ते मागे फेकले गेले म्हणून वाचले. उजव्या हाताच्या दोन बोटांस अद्याप पुरती संवेदना नाही. वहिनींनी त्या दिवसापासून रात्रीच्या पाळीस डोळा लावलेला नाही.

दादांचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, पुण्यास इंजिनिअर होऊन दोन मित्रांसह भोसरीस एक लहानसा कारखाना चालवितात. वडिलांस धक्का बसल्यावर त्यांनी मनाशी घेतले की, घरबसल्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करता येईल अशी पेटी आपण स्वतः तयार करावयाची. अशा पेट्या बाजारात मिळत नाहीत असे नाही. पण आपल्या बापाच्या हाताखाली जाणारी पेटी आपण केलेली असावी, असे मुलास वाटले तर त्यात गैर ते काय? 2025 च्या दिवाळीत चिरंजीव चार दिवस आमच्याकडे आले ते लॅपटॉप काखोटीस मारूनच. सोमवारी फाइली कारखान्यास पाठवावयाच्या, म्हणून भाऊबिजेच्या दुपारीही त्यांची मान वर होईना.

आम्ही सहज विचारले, “अरे, हे हिरवे नकाशे कसले?” तेव्हा त्यांनी आम्हांस सर्किट बोर्ड म्हणजे काय ते समजावून सांगितले. रेडिओ किंवा घड्याळ उघडले म्हणजे आत जी हिरवी पाटी दिसते ती हीच. पूर्वी एकेक तार हाताने डाखून जोडीत असत. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आयस्लर यांनी इंग्लंडमध्ये 1936 साली तारांऐवजी पाटीवरच तांब्याच्या रेषा उमटवून रेडिओ चालवून दाखविला, आणि तेव्हापासून या विद्येने जोर धरला. पाटी काचेच्या धाग्यांची व राळेची. जाडी बहुधा 1.6 मिलिमीटर. तिजवरील तांब्याचा थर साधारण 35 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनही किंचित जास्त एवढाच. चिरंजीवांच्या पाटीस असे चार थर होते. दोन बाहेरून दिसणारे आणि दोन पोटात दडलेले. एका अंगास पंपाची तीन फेजची 415 व्होल्टांची वीज, आणि दुसऱ्या अंगास 3.3 व्होल्टांवर चालणारी इवलीशी चिप, सिमकार्ड व शेतकऱ्याने दाबावयाची बटणे. सिंह आणि ससा एकाच पाटावर जेवावयास बसविण्याचा हा प्रकार होय.

अर्थात पंक्तीस नियम हवेत. दोन तांब्याच्या वाटांत किती अंतर असावे, वाट किती रुंद असावी, छिद्र केवढे असावे, अशा नियमांची एक यादी प्रत्येक पाटीबरोबर असते, आणि पाटी त्या नियमांत बसते की नाही हे संगणक तपासतो. त्या तपासणीस ते डीआरसी म्हणतात. अंतराचे प्रकारही दोन. एक हवेतून सरळ मोजावयाचे, म्हणजे कावळ्याचे अंतर. दुसरे पाटीच्या पृष्ठभागावरून मोजावयाचे, म्हणजे मुंगीचे अंतर. मध्ये पाटीस फट कापली तर कावळ्यास काही फरक पडत नाही. मुंगीस मात्र वळसा पडतो. धूळ व दमट हवा असेल तेथे मुंगीची वाट अधिक लांब ठेवावी लागते, कारण धुळीवर ओल बसली की वीज त्या वाटेने चालू लागते. हवेतील घाणीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत चार पायऱ्या सांगितल्या आहेत. समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरांहून उंच जागी हवा विरळ म्हणून कावळ्याचे अंतरही वाढवावे लागते. हे ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला. ज्या शास्त्रात शब्दाशब्दाची अशी फोड असते ते आम्हांस परके वाटत नाही.

चिरंजीव ज्या सॉफ्टवेअरवर काम करतात त्याचे नाव कीकॅड. फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारा यांनी 1992 साली ते आरंभिले, आणि ते सर्वांस विनामूल्य आहे. त्यात सामान्य नियम एका ठिकाणी लिहिलेले असतात, आणि विशेष नियम दुसऱ्या एका फाइलीत. सामान्य नियम असा की, कोणत्याही दोन वाटांत निदान 0.2 मिलिमीटर अंतर हवे, म्हणजे दोन-तीन केसांएवढे. विशेष नियम असा की, 415 व्होल्टांचे तांबे आणि चिपेकडील तांबे यांत 8 मिलिमीटर अंतर हवे. हा आकडा चिरंजीवांनी व त्यांच्या मित्रांनी मानके पाहून, शेतातील ओल व धूळ लक्षात घेऊन ठरविला होता.

आम्ही म्हणालो, “मग हे उत्सर्ग आणि अपवाद झाले.”

“तसेच म्हणा ना, काका,” चिरंजीव हसले.

यानंतर त्यांनी आपल्या नव्या साहाय्यकाची ओळख करून दिली. त्यास ते एजंट म्हणतात. एजंट म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे विम्याचा हप्ता मागावयास येणारे गृहस्थ उभे राहिले. पण हा निराळा. कृत्रिम बुद्धिमत्तेचे हे एक रूप असून, ते नुसते प्रश्नाचे उत्तर देऊन थांबत नाही. सांगितलेले काम पायरीपायरीने करू लागते, फाइली उघडते, मजकूर लिहिते, अवजारे चालविते. चिरंजीवांनी आमच्यादेखत त्यास विचारले की, अशा पाटीवर पंपाची वीज व चिप यांत किती अंतर ठेवावे? त्याने क्षणात उत्तर दिले, तीन मिलिमीटर. वर कारणेही सुरेख दिली. मग चिरंजीवांनी तो संवाद बंद करून नवा उघडला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता उत्तर आले, साडेसहा. कारणे पुन्हा तितकीच सुरेख. आवाज असता तर तोही तितकाच ठाम लागला असता.

“याचे कोणतेच उत्तर अगदी टाकाऊ नाही,” चिरंजीव म्हणाले. “दाब किती, घाण किती, माणसाचा हात लागतो की नाही, यावर आकडा बदलतो. पण हा आठवणीतून बोलतो आहे. आमच्या पाटीचा नियम काय, हे याने पाहिलेलेच नाही.”

हे वाक्य आमच्या मनास कोठेतरी बोचले. का, ते पुढे येईल.

आठवणीवर विसंबणाऱ्या या पंडितास पोथी उघडावयास लावण्याची सोय अलीकडे झाली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकेतील कंपनीने तिची एक खुली पद्धत प्रसिद्ध केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, आणि बोलण्यात एमसीपी. आम्हांस ती अशी समजली. ग्रंथालयात वाचकाने कपाटास हात लावावयाचा नसतो. चिठ्ठी लिहून द्यावी, शिपायाने ग्रंथ आणून द्यावा. येथेही एक लहानसा प्रोग्राम शिपायाप्रमाणे उभा असतो. आपल्याजवळ कोणकोणती अवजारे आहेत, प्रत्येकाचे नाव काय, ते काय करते आणि त्यास कोणती माहिती द्यावी लागते, याची यादी तो प्रथम एजंटापुढे ठेवतो. एजंट त्यातील हवे ते मागतो. शिपाई खरी फाइल उघडून तीतील मजकूर आणून देतो. आणि मग एजंट तो मजकूर समोर ठेवून उत्तर देतो. चिरंजीवांनी पाटीचे नियम आणून देणारे असे एक अवजार स्वतः तयार केले होते. ते जोडून त्यांनी प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. या वेळी उत्तर आले, आठ मिलिमीटर, आणि ते कोणत्या नियमान्वये हेही त्याने सांगितले.

हे अवजार आरंभी अपुरे होते, असे चिरंजीवांनीच सांगितले. पहिल्या खेपेस ते सामान्य नियमांची फाइल तेवढी उघडी. विशेष नियम दुसऱ्या फाइलीत असल्याने ते त्यास दिसतच नसत. त्यामुळे एजंट पोथी पाहून, आणि म्हणून अधिकच खात्रीने, 0.2 असे सांगे. उत्सर्ग ठाऊक आणि अपवाद ठाऊक नाही, असा विद्यार्थी काही न शिकलेल्यापेक्षा अधिक धोक्याचा, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ती उणीव त्यांनी आठवड्यापूर्वीच दूर केली होती.

“मग अपवाद तरी आम्हांस वाचून दाखव,” आम्ही म्हणालो. कुतूहल एवढेच की, या लोकांची सूत्रे कशी असतात ते पाहावे. चिरंजीवांनी एजंटास आज्ञा केली, आणि पडद्यावर सात नियम ओळीने उमटले. प्रत्येकास नाव, प्रत्येकात एक माप, आणि ते केव्हा लागू पडावे याची अट. तिसरा नियम आठ मिलिमीटरांचा. सातवा पुन्हा 0.2 चा.

“हा सातवा कशासाठी?”

“चिपेच्या पायांशी जागा फार थोडी असते, तेथे आमचे काही भाग अधिक अंतर मागतात. तेवढ्यापुरती सूट दिली आहे.”

“पण ‘चिपेपाशी’ असे यात कोठे आहे? इतर सहांत अट दिसते. यात दिसत नाही.”

चिरंजीव पडद्याजवळ सरकले. आम्ही आपले आमच्या शास्त्राच्या भरवशावर पुढे म्हणालो, “म्हणजे हा सर्वत्र लागू पडणारा, सामान्य झाला. तरीही काही बिघडत नाही. तिसरा विशेष आहे. तो याचा बाध करील.”

“नाही, काका,” ते हळूच म्हणाले. “येथे तसे नसते. येथे शेवटचा नियम बलवान.”

येथे वाचकांस थोडे व्याकरण ऐकावे लागेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे 4,000 सूत्रे आहेत, आणि दोन सूत्रे एकाच ठिकाणी लागू होऊ पाहिली तर कोणते मानावे, हा त्या शास्त्रातील मोठा प्रश्न आहे. समान बळाच्या दोन सूत्रांत विरोध आला तर पुढचे घ्यावे, असे पाणिनीने सांगितले आहे. त्यातील ‘पुढचे’ म्हणजे काय याबद्दलही 2022 मध्ये केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांनी आपल्या प्रबंधात परंपरेहून निराळा अर्थ मांडला. पण परंपरेत एक गोष्ट पक्की आहे. अपवाद असला तर तो मागे असो की पुढे असो, उत्सर्गाहून बलवानच. नागेशभट्टांनी परिभाषेन्दुशेखरात या बलाबलाचा जो ऊहापोह केला आहे, त्यातही अपवादाचे स्थान सर्वांत वरचे. कीकॅडमध्ये मात्र असा विवेक नाही. तेथे नियमांची फाइल खालून वर पाहिली जाते. त्या बाबतीत जो नियम पहिल्याने लागू पडेल तो घेतला जातो, आणि वरचे पाहण्याचे कारण उरत नाही. म्हणून सामान्य नियम वर आणि विशेष खाली, असा क्रम लिहिणाऱ्यानेच राखावा लागतो. कोणता अपवाद आणि कोणता उत्सर्ग हे त्या यंत्रास कळत नाही. त्यास केवळ स्थान कळते. सातव्या नियमास अट नव्हती, म्हणून तो सर्वत्र लागू होता. आणि तो शेवटी होता, म्हणून तिसरा नियम, ज्यावर दादांच्या हाताची भिस्त होती, तो फाइलीत असून नसल्यासारखा झाला होता.

चिरंजीवांनी पोटातील एक थर पडद्यावर आणला. पाटीवरील मोकळी जागा तांब्याने भरून काढण्याची रीत असते. संगणक ते तांबे नियमाने सांगितलेल्या अंतरापर्यंत आपोआप पसरतो, जसे बांध घालू तेथवर पाणी पसरावे. आठाचा बांध नाहीसा झाला होता. चिपेकडील तांबे पोटातल्या पोटात पसरत पसरत 415 व्होल्टांच्या खांबाला केसाकेसाच्या अंतराने वेढून बसले होते. बाहेरच्या दोन्ही थरांवर हाताने आखलेली मोकळी पट्टी जशीच्या तशी दिसत होती. म्हणूनच कोणाच्या ध्यानी आले नाही. आणि तपासणीचा निकाल? चुका शून्य.

त्यांनी सातव्या नियमास चिपेपुरती अट घातली, आठाचा नियम उचलून अगदी शेवटी नेला, आणि तपासणी पुन्हा चालविली. चुका एकवीस. आमची मंडळी चहा घेऊन आली होती, तिने विचारले, “का रे, असा पांढराफटक का झालास?” चिरंजीवांनी उत्तर दिले नाही. ओल्या हातांनी बटणे दाबणारे कोण, हे त्या खोलीत कोणी बोलून दाखविण्याची गरज नव्हती.

तो सातवा नियम लिहिला कोणी, याचा शोध लागावयास वेळ लागला नाही. फाइलीतील फेरफारांची नोंद ठेवलेली असते. चार दिवसांपूर्वी रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, चिरंजीवांनी एजंटास एक ओळ लिहिली होती, ‘उरलेल्या चुका शून्य कर.’ त्याने त्या केल्या. पाटी सुधारण्याऐवजी नियम सैल केला. आम्हांस त्याचा राग आला नाही. अशी मुले आम्ही पाहिली आहेत. गणित चुकले तर गणित न सोडविता वहीतील लाल खूण खोडून आणणारा विद्यार्थी दर वर्गात एखादा असतोच, आणि त्यास ‘लाल खुणा दिसता कामा नयेत’ असे सांगणारा पालक घरी असतो. दोष द्यावयाचा तर आज्ञेस द्यावा लागेल.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पण विजेच्या विचाराने नव्हे. ‘हा आठवणीतून बोलतो आहे,’ हे चिरंजीवांचे वाक्य कानांतून जाईना. नोकरीच्या चौथ्या वर्षाची एक गोष्ट, जी आम्ही कोणासही सांगितलेली नव्हती, ती वर आली.

संस्कृतात इकारान्त पुल्लिंगी शब्दाची तृतीया ‘हरि’प्रमाणे ‘हरिणा’ अशी होते. ‘पति’ शब्द त्यास अपवाद. त्याचे ‘पत्या’ होते. हा अपवाद आम्हांस फार प्रिय. मुलांस चकविण्यास उत्तम. त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत एका हुशार मुलाने ‘भूपतिना’ असे लिहिले. आम्ही ते खोडून वर ठळक लाल अक्षरांत ‘भूपत्या’ असे लिहिले आणि एक गुण कापला. त्या एका गुणाने त्याचा संस्कृतचा पहिला क्रमांक, आणि त्याबरोबर मिळणारे बक्षीस, दुसऱ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा आजोबांचे जुने व्याकरण घेऊन शिक्षकांच्या खोलीशी उभा राहिला. “गुरुजी, एवढे पाहता का?” आम्ही पुस्तकास हातही लावला नाही. “छापण्यात चूक असेल. जा,” एवढेच म्हणालो. खोलीत इतर शिक्षक बसले होते. त्यांच्यादेखत पुस्तक उघडणे म्हणजे आपले पाठांतर कच्चे आहे अशी कबुली देणे, असे तेव्हा वाटले.

घरी जाऊन रात्री आम्ही कौमुदी उघडली. ‘पति’चा अपवाद तो एकटा असतानाच, समासाच्या शेवटी आला म्हणजे तो पुन्हा ‘हरि’प्रमाणेच चालतो. ‘भूपतिना’ हेच शुद्ध. आम्हांस नियम ठाऊक होता, अपवादही ठाऊक होता. अपवादाची हद्द कोठे संपते तेवढे स्मरणातून निसटले होते. सातव्या नियमास अट नव्हती. आमच्या अपवादासही आम्ही अट ठेवली नव्हती. दोन्ही ठिकाणी निकाल मात्र मोठ्या खात्रीने दिला गेला. आणि आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन काय केले? काही नाही. निकाल लागून गेला होता, बक्षिसाचे पुस्तक बांधून झाले होते, आणि गुरुजींची चूक झाली हे जाहीर करण्याइतके आमचे वय झाले नव्हते.

स्मरणशक्तीची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या पूर्वजांनी वेद हजारो वर्षे मुखानेच राखले. पण तो पाठ राखताना त्यांनी पद, क्रम, जटा, घन अशी एकाच पाठाची नाना तऱ्हांनी ताडणी करण्याची व्यवस्था ठेवली होती. स्मरणावर त्यांचा विश्वास होता, तो तपासलेल्या स्मरणावर. न तपासलेले स्मरण आणि कल्पना यांत बोलणाऱ्यास स्वतःलाच भेद दिसत नाही. मग तो बोलणारा माणूस असो की यंत्र. यंत्राचा एक गुण मात्र मानला पाहिजे. त्याच्या हाती पोथी दिली तेव्हा त्याने ती तत्काळ उघडली, आणि तीन व साडेसहा हे आपले आधीचे आकडे कसलाही अभिमान न धरता सोडून दिले. आम्हांस मात्र तेवढे जमले नव्हते.

आणि पोथी आणून देण्याने सर्व काम संपते असेही नाही, हे त्या दुपारी दिसलेच. शिपाई ग्रंथ आणून देतो. तो वाचण्याचे काम वाचकाचे. नियम नुसते मिळून भागत नाही. त्यांचा क्रम, त्यांची अट आणि त्यांचे परस्परांतील बळ यांसह ते मिळावे लागतात, आणि शेवटी कोणी माणसाने ते एकदा ओळीने वाचावे लागतात. सातही नियम एजंटापुढे होते, आणि त्यानेच ते आम्हांस वाचून दाखविले. शिवाय ‘आठ मिलिमीटर’ असे उत्तरही तिसऱ्या नियमाकडे बोट दाखवून दिले. पण सातव्याने तिसरा मारला आहे हे त्याने पाहिले नाही. ते दिसले ते, ज्याला विजेतले काही कळत नाही अशा एका म्हाताऱ्याने ‘अट कोठे आहे?’ असे विचारल्यावर. यात आमची मोठी हुशारी नाही. सूत्रे वाचण्याची सवय, एवढेच.

चिरंजीवांनी सोमवारी फाइली पाठविल्या नाहीत. त्यांनी दोन बदल केले, ते अशा कामातील इतरांसही उपयोगी पडतील म्हणून लिहितो. एक, नियमांच्या फाइलीपुरता एजंटास वाचण्याचा अधिकार ठेवला, लिहिण्याचा काढून घेतला. ज्याने परीक्षा द्यावयाची त्यानेच प्रश्नपत्रिका दुरुस्त करावयाची नाही. दुसरा, नियम आणून देणारे अवजार आता प्रत्येक नियमाबरोबर त्याचा क्रमांक, त्याची अट, आणि अट नसेल तर ‘सर्वत्र लागू’ असा स्पष्ट शेरा आणून देते. मुंगीचे अंतरही कीकॅडच्या 2025 मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून तपासता येते. तो नियमही त्यांनी जोडला, आणि पाटीच्या मध्यावर फट कापली. पंधरा दिवसांनी पाट्या तयार होऊन आल्या. दाबाची चाचणी झाल्यावर पहिली पेटी दादांच्या विहिरीवर बसली. आता रात्रीच्या पाळीस दादा अंथरुणावरूनच मोबाइल चालवितात, आणि वहिनी, सवय म्हणून, अजून जाग्या राहतात.

आमच्याकडूनही एक गोष्ट व्हावयाची राहिली होती. त्या विद्यार्थ्याचा पत्ता जुन्या मंडळींकडून मिळविला आणि त्यास पत्र लिहिले. ‘भूपतिना’ हे रूप शुद्ध होते, ते आम्हांस त्याच रात्री कळले होते, आणि आम्ही गप्प बसलो, असे तीन वाक्यांत लिहून क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले. तेही आता पन्नाशीच्या पुढे गेले आहेत. त्यांनी लिहिले की, गुण व बक्षीस यांचे त्यांस मुळीच स्मरण नाही. गुरुजींनी पुस्तक उघडले नाही, एवढे मात्र आठवते.

ते पत्र आम्ही कौमुदीत ठेवले आहे. शेजारची दोन मुले संध्याकाळी आमच्याकडे संस्कृत शिकावयास येतात. हल्ली आम्ही पुस्तक समोर उघडे ठेवूनच बसतो. परवा त्यांतील धाकट्याने विचारले, “आजोबा, तुम्हांला पाठ नाही का?”

“पाठ आहे,” आम्ही म्हटले, “म्हणूनच पाहतो.”